पुसलेले वर्तुळ

झेन परंपरेतल्या ‘एन्सो’वरून, म्हणजे शाईच्या एका फटकाऱ्यात काढलेल्या वर्तुळावरून, एक अमूर्त चित्र करायचे असे मी गेल्या उन्हाळ्यात ठरवले, तेव्हा ते आठवड्याभरात होईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात अडीच महिने लागले.

सुरुवात कागदावर केली. जपानी शाईची वडी काजळी आणि सरस यांची असते आणि सहाणेवर चंदन उगाळावे तशी ती दगडावर पाण्यात उगाळावी लागते. शोषक कागदावर कुंचला टेकताच शाई मुरते, हात घुटमळला की तिथेच डाग पसरतो, आणि फेरा संपत आला की कोरड्या पडलेल्या केसांमधून कागदाचे पांढरे रेघोटे दिसू लागतात. मला कॅनव्हासवर हवी होती ती हीच कोरडी शेपटी. शंभरेक कागद खराब केल्यावर सेन्गाई गिबॉन (१७५०–१८३७) या भिक्षूचे एक वर्तुळ आठवून मला हसू आले. त्याच्या शेजारी त्याने ‘हे खा आणि चहा घ्या’ अशा अर्थाची ओळ लिहिली आहे. मी मात्र देव्हाऱ्यासमोर बसावे तशी बसले होते.

कॅनव्हास तीन फूट बाय तीन फुटांचा होता. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाईफ (रंग लावायची बोथट सुरी) वापरून एकावर एक थर चढवत आणि त्यांना झेन विचाराची ओढ होती, हे माहीत असल्यामुळे मीही राखाडी रंगाचे सहा पातळ थर रोलरने दिले. हा भाग सुखाचा होता. खरी अडचण वर्तुळाची झाली. ताणलेला कॅनव्हास कुंचल्याच्या दाबाने मध्ये दबतो आणि मागच्या लाकडी पट्टीवरून कुंचला गेला की तिथे सरळ रेघ उमटते. म्हणून तो जमिनीवर ठेवून खालच्या पोकळीत वर्तमानपत्रांच्या घड्या भरल्या. चार इंची कुंचल्यातला रंग पाऊण फेऱ्यातच संपे आणि पाणी वाढवले की ओघळ येत, तेव्हा दोन कुंचले सुतळीने शेजारी शेजारी बांधले.

तो फटकारा चांगला उतरला होता. फक्त जिथे शेवट आरंभाला भेटतो तिथे बोटभर फट राहिली आणि ती मी लहान कुंचल्याने भरली. भरलेली जागा कापडावरच्या ठिगळासारखी दिसू लागली, तिला लपवायला कड जाड केली, कडेला जुळावे म्हणून समोरची बाजू, आणि शेवटी त्या आकृतीत हाताची गती कुठेच उरली नाही. दुरुस्ती करणेच चूक, असे मात्र मी म्हणणार नाही. जपानमधल्या ‘गुताई’ या प्रयोगशील कलाकारांच्या गटाचे संस्थापक जिरो योशिहारा (१९०५–१९७२) यांची वर्तुळे एका झटक्यात आल्यासारखी दिसतात, पण त्यांतल्या अनेकांच्या कडा रंगाने सावकाश घडवलेल्या आहेत. माझी चूक एवढीच की मला एका झटक्याचा देखावाही हवा होता आणि दुरुस्तीची सोयही.

रागाने मी ओले फडके घेऊन सगळे पुसले. मे महिन्याच्या उकाड्यात अॅक्रिलिक भराभर वाळते, त्यामुळे वरचा काळा रंग निघाला तरी रोलरने उठवलेल्या बारीक खळग्यांत तो अडकून राहिला आणि राखाडीवर धुरकट कडे उरले. आठ दिवस मी त्याला हात लावला नाही. मग त्या कड्यापासून दोन बोटे सरकवून, पुन्हा जोडकुंचल्याने, एकच फटकारा दिला. या वेळी फट तळहाताएवढी राहिली. ती तशीच ठेवली, कारण मागचे पुसट कडे त्या फटीतून जाताना दिसत होते.

फ्रेम करायला दिले तेव्हा दुकानातल्या काकांनी विचारले, “ताई, वरची बाजू कुठली?” सही मी मागे केली होती, त्यामुळे त्यांना कळायला मार्ग नव्हता, आणि खरे तर मलाही नव्हता. आम्ही दोघांनी चित्र चारही बाजूंनी फिरवून पाहिले. फट वर आली की वर्तुळ भांड्यासारखे दिसे, खाली आली की घोड्याच्या नालासारखे. शेवटी फट डावीकडे खाली ठेवली आणि काकांनी कानावरची पेन्सिल काढून मागच्या पट्टीवर बाण काढला.