फवारणीला परवाना कुणाला लागतो?

स्वतः कसत असलेल्या शेतात किंवा परसबागेत कीटकनाशक मारायला परवाना लागत नाही. कीटकनाशक कायदा, 1968 च्या कलम 38 मध्ये तशी सूटच आहे. पण पैसे घेऊन दुसऱ्यांच्या घरात, गोदामात वाळवी-झुरळांचा बंदोबस्त करायचा धंदा असेल, तर परवाना हवाच.

खरी गल्लत होते ती धान्यात ठेवायच्या गोळ्यांची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. हवेतल्या दमटपणाने गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. झोपायच्या खोलीतच धान्याची कोठी असेल, तर तो जीवघेणा ठरतो. 3 ग्रॅमच्या 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर 2001 पासून बंदी आहे. धुरी द्यायची तीही मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. दुकानदार सुट्या गोळ्या पुडीत बांधून देत असेल, तर तो सरळ नियमभंग.

डब्यावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण पाहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही, हातमोजे तिथेही हवेत. आणि पक्कं बिल घ्याच. त्यावर बॅच क्रमांक नसेल, तर औषध बनावट निघाल्यावर तक्रार कशाच्या जोरावर करणार?