इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?
आजचा सारा दिवस आमच्या एक-इंजिनी टर्बोप्रॉप (टर्बाइनच्या जोरावर पंखा फिरवणाऱ्या) विमानापाशी गेला. त्याच्या पीटी६ए इंजिनाचे ३,६०० तासांचे ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून करायची दुरुस्ती) जवळ आल्यामुळे तेच इंजिन पुन्हा उभे करावे की अधिक शक्तीचे नवे बसवावे, हा निर्णय आता टाळता येणार नाही. बोरस्कोपमधून, म्हणजे इंजिनात घालायच्या बारीक दुर्बिणीतून, पाहताना टर्बाइनच्या एका पात्याच्या टोकावरील थर उडालेला आणि खालचा धातू करडा, खरबरीत झालेला दिसला, तेव्हा मन खरोखर खट्टू झाले. नव्या इंजिनाची शक्ती उंचावरच्या विरळ हवेत अधिक टिकते. मात्र जमिनीलगत, गिअरबॉक्सची टॉर्कमर्यादा (तो सोसू शकेल तेवढ्या पिळाची मर्यादा) तीच राहिल्यास, ती वाढीव शक्ती वापरताच येत नाही. तरीही माझा कल नव्याकडेच आहे, कारण चढाई लवकर संपून विमान लवकर उंचावर पोचले, तर इंजिन बंद पडल्यास तरंगत उतरायला अधिक अंतर हाती राहते. उद्या लॉगबुकातील तापमानाच्या नोंदी पुन्हा वाचणार आहे.