फोडीचा आंबा, रसाचा आंबा

मार्चअखेरीस फळवाल्याकडे देवगडच्या हापूसची पहिली पेटी दिसते आणि तिचा भाव ऐकून मी दरवर्षी एकदा तरी मागे फिरतो. तो वाढीव पैसा आंब्याचा नसून पंचांगाचा असतो, हे मला फार उशिरा उमगले. त्याच बागेतले फळ मेच्या मध्यावर कितीतरी उतरलेल्या भावात मिळते आणि बहुधा अधिक गोडही लागते. नवलाईसाठी पैसे मोजू नयेत असे मुळीच नाही, पण ते दर्जासाठी मोजले अशी स्वतःची समजूत घालू नये.

खऱ्या दर्जासाठी मोजलेला पैसासुद्धा खात्री देत नाही. एका अक्षय्य तृतीयेला मी दुकानातली सर्वांत महाग पेटी आणली होती. वरून डाग नाही, देठाशी नाक नेले तर घमघमाट. आणि कापल्यावर डझनातल्या चार फळांत कोयीला लागून पांढुरका, भुसभुशीत, आंबट साका. हापूसचे हे जुने दुखणे. फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार असतानाच उतरवले, तर ते कमी होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या ‘रत्ना’त साका होत नाही. पण सालीवरून साका ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने फळाचे गाव सांगता येते, पोट नाही. त्यातही पेटीवर छापलेले गाव आणि पेटीतल्या फळाचे गाव एकच असेल असे नाही, म्हणून मी आता एक फळ कापून दाखवायला सांगतो. पातळ साल आणि केशरी गर दिसला, तरच पुढची बोलणी.

तेव्हापासून आमच्या घरी आंबे दोन हिशेबांनी येतात. फोडी करून नुसते खायचे, तिथे साखर, दूध, वेलची कोणीच मदतीला नसते आणि जीभ लगेच निवाडा देते. त्यासाठी अर्धा डझन का होईना, चांगला हापूस घ्यायचा आणि भावाची घासाघीस करायची नाही. रसाला मात्र पायरी आणि तिच्या जोडीला कर्नाटकचा हापूस. आम्रखंडासाठी देवगडची पेटी फोडणाऱ्यांचा मला आदर वाटतो, पण मी त्यांचे अनुकरण करणार नाही.

गेल्या मे महिन्यात एक दर्दी पाहुणे जेवायला होते. रसाची तिसरी वाटी पुढे करत त्यांनी डोळे मिटले आणि विचारले, “देवगडचा ना?” मी गरम पुऱ्या आणायला स्वयंपाकघरात गेलो.