सोअरकाठची गरवणारी मंडळी

इंग्लंडात नद्यांवर 15 मार्च ते 15 जून मासे धरायला बंदी असते, म्हणजे सॅमन-ट्राउट सोडून बाकीचे जे गोड्या पाण्यातले मासे, रोच, ब्रीम, चब, पर्च वगैरे, त्यांना. विणीचा हंगाम म्हणून. ही प्रथा 1878 च्या कायद्यापासूनची, आता तळ्यांवरून आणि बऱ्याचशा कालव्यांवरून उठली, पण नदीवर अजून आहे. त्यामुळे 16 जूनला लेस्टरशरमधल्या आमच्या सोअर नदीच्या काठावर भल्या पहाटे जी गर्दी होते ती बघून मला हमखास नारळी पौर्णिमा आठवते, फक्त इथे नारळ नाही, गाणी नाहीत, वाजतगाजत काही नाही, आपापला थर्मास आणि आपापली हिरवी छत्री आणि शेजारच्याशी बोलायचं ते पण हळू आवाजात.

सोअर म्हणजे काही नाव घ्यावं अशी नदी नाही. संथ, हिरवट गढूळ, सपाट कुरणांतून वळणं घेत लेस्टर, बॅरो, लफबरो करत जाते आणि रॅटक्लिफच्या पुढे ट्रेंट नदीला मिळते. पूर्वी हिच्यातून कोळशाचे बार्ज जायचे, ते ओढायला काठाने घोडा चालायचा, आणि त्या घोड्याची वाट म्हणजे टोपाथ. आता घोडे गेले, वाट राहिली, आणि तिच्यावर सायकलवाले, कुत्रेवाले, हेडफोन लावून पळणारे आणि मासेवाले असे सगळे आपापला हक्क सांगत असतात. खरी मजा पोलवाल्याची. पोलला रीळबीळ काही नसतं, कार्बनच्या नळीत नळी बसवत 13-16 मीटर लांब केलेली काठी, मासा लागला की ती मागे मागे सरकवत आणायची, आणि मागे म्हणजे कुठे तर थेट टोपाथवर आडवी. तेवढ्यात सायकलवाला घंटी वाजवत येतो, हा मान न वळवता "सॉरी मेट" म्हणतो, तो ब्रेक दाबून "नो वरीज" म्हणतो, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असतं की कोणालाच सॉरी वाटलेलं नाहीये आणि वरी दोघांनाही आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे आले होते. चिपळूणचे, वाशिष्ठीच्या काठी वाढलेले, गरी टाकून बसण्यात जन्म गेला. त्यांना म्युझियम, कॅसल कशात रस नाही, रोज संध्याकाळी "चल गं, नदीवर जाऊ" म्हणायचे आणि एखाद्या गरवणाऱ्याच्या मागे हात बांधून उभे राहायचे. भाषा येत नाही म्हणून काही अडलं नाही. एकाने डबा उघडून दाखवला, आत भुशात वळवळणाऱ्या लाल-पांढऱ्या अळ्या, मॅगट्स. इथे बिअर आणि मॅगट्स दोन्ही पाइंटच्या मापाने मिळतं, अजूनही. त्या म्हणे फ्रिजमधे ठेवतात, बाहेर ठेवल्या तर कोष होतात, पण कोषही वाया जात नाही, त्याला कास्टर म्हणतात आणि मोठे रोच त्यावर जास्त येतात. बाबा एकदम खूश, मी मात्र फ्रिज हा शब्द ऐकून तिथेच सावध झाले.

मग ब्रीम लागला. चांगला हातभर, चपटा, पितळी रंगाचा, बाबा लगेच म्हणाले "सरंग्यासारखा दिसतो गं". त्या माणसाने आधी स्वतःचे हात नदीत ओले केले (कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग होतो), मासा ओल्या मॅटवर ठेवला, ब्रीमचं तोंड नळीसारखं पुढे येतं त्यात एक बारीक काडी घालून गळ अलगद सोडवला, फोटो काढला, आणि मासा परत पाण्यात.

"सोडला?"

"हो बाबा, सोडतातच."

"लहान होता म्हणून?"

"नाही, मोठा होता म्हणून फोटो काढला. नाहीतर तसाच सोडतात."

घरी येईपर्यंत बाबा गप्प. घरी आल्यावर म्हणाले, मग खायचा नव्हता तर धरला कशाला. आता याला काय उत्तर देणार. कायद्याने दिवसाला 20 सेंटीमीटरपर्यंतचे 15 छोटे मासे नेता येतात, पण गरवणाऱ्यांच्या क्लबांचे नियम त्याहून कडक आणि नेणाऱ्याकडे लोक बघतात पण वाईट नजरेने. मलाही मनापासून विचारलं तर यात थोडं ढोंग वाटतंच, हौसेखातर गळ टोचायचा आणि मग नर्ससारखी काळजी घ्यायची, त्यापेक्षा खाणाऱ्याचा हिशोब सरळ. पण आपला हिशोब तरी कुठे एवढा स्वच्छ आहे. समुद्रात जून-जुलै बंदी पाळायची, आणि त्याच जूनमधे पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यात चढणारे मासे, आपली वलगण, ती रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात जाऊन टोपल्या भरभरून आणायची. अंडी भरलेला मासा लागतो पण काय सांगू. बाबांना हे बोलले तर म्हणाले "वलगणीचं वेगळं असतं". कसं वेगळं ते नाही सांगितलं.

माझं मत बदललं ते या लोकांच्या चिवटपणामुळे. पाण्याला वास आला, फेस आला, की पहिला फोन हेच करतात, कारण रोज त्याच जागी बसून पाण्याकडे बघणारं दुसरं आहे कोण. इथून जवळच डर्बीत डरवेंट नदी आहे, ती पण ट्रेंटलाच मिळते. तिथल्या प्राइड ऑफ डर्बी नावाच्या अँगलिंग क्लबने एका अर्लला, म्हणजे उमरावाला, सोबत घेऊन थेट कोर्ट गाठलं, कोणाविरुद्ध तर ब्रिटिश सेलनीजचा कारखाना, डर्बी शहराचं कॉर्पोरेशन आणि सरकारी वीज मंडळ, सांडपाणी आणि गरम पाणी सोडून नदी मारली म्हणून. आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अपील कोर्टातही जिंकले! गंमत म्हणजे ट्रेंटवर पुढे तसल्याच वीजकेंद्रांच्या कोमट पाण्यामुळे हिवाळ्यातही मासे गळाला लागायचे आणि जुने लोक तो काळ आठवून अजून उसासे टाकतात. रॅटक्लिफचं वीजकेंद्र, ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. म्हणजे तत्त्वापेक्षा मासा महत्त्वाचा, हे उघड आहे. पण चालेल ना. शिशाच्या बारीक वजनांनी हंस मरतात म्हणून 1987 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली, कुरकुर झाली असणारच, पण आज ती वजनं कोणाच्या डब्यात सहसा दिसत नाहीत.

डर्बीची ही केस मी बाबांना जेवताना सांगितली. त्यांनी हातातला घास तसाच धरून नीट ऐकली, कोर्टफी किती आली असेल ते विचारलं, मग म्हणाले, आपल्या खाडीत मासे मरून वर येतात तेव्हा दोन दिवस पेपरात फोटो येतो, तिसऱ्या दिवशी आपण बाजारात सुरमई बघायला जातो.

परत गेल्यावर परवा फोनवर विचारत होते, पाहुण्याला लायसन्स मिळतं का. मिळतं, 1 दिवसाचं, 8 दिवसांचं, वर्षाचं, ऑनलाइन काढायचं, वर क्लबचं डे-टिकीट वेगळं. मग 16 जूनलाच या की म्हटलं, ओपनिंग बघायला मिळेल. तर म्हणे जूनमधे नको, जुलैचं बघ, जूनमधे वलगण असते.