वाळलेल्या फर्नचं अपडेट: मे ते चवथ (गणेश चतुर्थी)

मावशीचा फोंड्याचा फ्लॅट उन्हाळाभर बंद होता, मे अखेरीस उघडला तर बाल्कनीतला फर्न पार वाळलेला, पानाला हात लावला की चुरा. मावशी म्हणाली टाक तो, नवीन आणू. पण कुंडी उपडी केली तर मुळांना बोराएवढ्या गाठी लटकलेल्या! म्हणजे हा नेहमीचा बॉस्टन फर्न नव्हेच, त्याच्याच कुळातला नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया आहे, बॉस्टनला अशा गाठी येत नाहीत. गाठींत पाणी साठलेलं असतं आणि त्यातून नवं रोपही फुटतं, त्यामुळे रोग समजून खुडून टाकू नका प्लीज. दाबून बघितल्या, बऱ्याचशा टणक, काही नुसत्या पोकळ.

वाळकी पानं बुडाशी कापली, ती काय परत हिरवी होत नाहीत. खरी कटकट पाण्याची. कोकोपीट (कुंडीत मातीसारखा वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा कडक सुकलं की वरून घातलेलं पाणी कुंडीच्या कडेकडेने खाली निघून जातं, खालच्या ताटलीत पाणी दिसतं म्हणून आपण खूश आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत. म्हणून अख्खी कुंडी बादलीत बुडवली, बुडबुडे थांबेपर्यंत, मग निथळत ठेवली. दुसऱ्यांदा बुडवल्यावर कुठे कुंडीला वजन आलं.

पाऊस लागला आणि उलटाच प्रॉब्लेम. आपल्याकडे जून-जुलैत भिंतींना बुरा येतो, त्यात पानांवर पाण्याचे स्प्रे कसले मारताय! पागोळ्यांखालून कुंडी आत घेतली, खिडकीजवळ, ऊन थेट नको, आणि वरची माती हाताला कोरडी लागली तरच पाणी. खत अजिबात नाही. मुळं अर्धमेली असताना खतातले क्षार त्यांनाच पोळतात, पण लोकांना आधी खतच सुचतं.

जुलैत गुंडाळलेले कोंब वर आले, एक काळा पडून गेला, बाकीचे उलगडले. आता पानं वीतभर झालीत आणि दोऱ्यासारखे फुटवे कुंडीबाहेर लोंबतायत, ते मातीला टेकले की तिथेही रोप धरतं. म्हणूनच हा कुंडीतच बरा, अंगणात सोडला तर पसरतच सुटेल. गांडूळखताचं पाणी पातळ करून द्यायला आत्ता कुठे सुरुवात केलीय.

फोटो बघून मावशी म्हणते माझा फर्न परत आण. चवथीची गडबड संपली की रिपॉट करून देतो, जास्तीच्या टणक गाठी मात्र मी ठेवून घेणार, दोन-तीन वेगळ्या कुंडीत पुरल्यात, फुटल्या तर टाकतो फोटो.