अभी तो आई हैं

त्या घरातून निघताना मी पाच आठवडे चुकीचं बोलत होते. "चलो, मैं निकलती हूँ, अगला पेशंट है," म्हणत चित्रांची कार्डं पिशवीत भरायची आणि उठायचं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. मालेगावात आठवड्यातून दोन दिवस घरोघरी जाऊन पेशंट बघते. एका घरी चाळीस मिनिटं, मग पुढचं घर.

सर उर्दू माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि उजव्या हातापायाबरोबर बोलणंही गेलं. समजायचं जवळपास सगळं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, "वो". "वो... वो..." करत डाव्या हाताने हवेत काहीतरी शोधायचे. याला ब्रोकाचा अफेजिया म्हणतात. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसजवळच्या ज्या रुग्णावरून हा प्रकार मांडला, त्याच्याकडेही 'टॅन' एवढाच उच्चार उरला होता.

आमच्याकडे सरावासाठी मराठी शब्दांची यादी आहे, हिंदीची आहे. उर्दूची नाही. "हिंदी चालेल की त्यांना" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता संताप येतो. जास्त संताप याचा, की सुरुवातीला मीही तेच धरून चालले होते. शब्द अडला की पेशंटला त्याचं पहिलं अक्षर द्यायचं, हे आमचं रोजचं हत्यार. पुस्तकाचं चित्र दाखवून मी सरांना "पु... पु..." देत राहिले. ज्या माणसाने जन्मभर 'किताब' म्हटलं, त्याला 'पु' देऊन काय हाती लागणार? तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. "कि" दिल्यावर थोड्या वेळाने "...ताब" आलं. दोन आठवडे मी त्यांचं अपयश नोंदवत होते, ते माझ्या यादीचं होतं.

वाचनाचंही तेच. झटक्यानंतर त्यांना दोन्ही डोळ्यांनी उजवीकडचं दिसेनासं झालं होतं. उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणजे प्रत्येक ओळीची सुरुवातच त्यांच्या अंधारात. घरचे म्हणायचे, अब्बा अख़बार उचलतात आणि ठेवून देतात, मन लागत नाही. मनाचा काही संबंध नव्हता. मी पानाच्या उजव्या कडेला जाड लाल रेघ ओढली आणि ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायला शिकवलं. रेघेची युक्ती जुनी आहे, पण आमच्या सूचनापत्रकात ती डाव्या कडेला असते. ती उजवीकडे न्यायला हवी, हे माझं मला सुचलं याचा मला अभिमान आहे.

सहाव्या आठवड्यात मी नेहमीसारखी उठले, तेव्हा त्यांच्या पत्नी, मी त्यांना खाला म्हणते, जिन्यापर्यंत आल्या. "बेटी, बुरा मत मानना. ऐसे उठकर नहीं जाते. इजाज़त लेते हैं. तुम जाती हो, फिर ये बड़ी देर दरवाज़े की तरफ़ देखते रहते हैं."

आपण मराठी माणसं निघताना "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. लहानपणी "जाते" म्हटल्यावर आईने दटावलेलं मला अजून आठवतं. उर्दूत पाहुणा परवानगी मागतो, आणि यजमान ती लगेच देत नाही. "इतनी जल्दी?" विचारतो, बसायला सांगतो. मग पाहुण्याने तुमचा फार वेळ घेतला म्हणायचं, पुन्हा हाज़िर होईन म्हणायचं, परत इजाज़त मागायची. ख़ुदा हाफ़िज़ त्यानंतर. आपल्या जुन्या दफ्तरांतली माणसंही 'रुखसत' घेऊनच निघतात. आपण आजही 'रजा' घेतो, आणि ती रजा मुळात समोरच्याची संमतीच. घरात कोणी कसा निरोप घेतो, हे मी माझ्या कामाचा भाग समजलेच नव्हते. कार्डं पिशवीत गेली की माझ्यासाठी बोलणं संपत होतं.

पुढच्या खेपेला मी कार्डं आवरली, पण उठले नाही. "सर, आपका बहुत वक़्त लिया. अब इजाज़त दीजिए." आणि थांबले. आमच्या कामात थांबणं सगळ्यात अवघड. जीभ शिवशिवते, पहिलं अक्षर द्यावंसं वाटतं. मी ओठ मिटून बसले. त्यांचा डावा हात वर झाला, मला बसा अशी खूण करणारा, आणि स्वच्छ आवाज आला:

"अभी तो आई हैं."

मुलगा आतून धावत आला. "अब्बा, फिर बोलो! एक बार फिर!" पुन्हा बोलायला सांगितलं आणि सगळं बंद पडलं. "वो... वो..." करत सर रडायला लागले. मला त्या मुलाचा रागही येईना. कोणीही तेच केलं असतं.

मग मी माझं शास्त्र सांगितलं. आकडे, वार, दुआ, शिवी, सलाम असली घोटलेली वाक्यं मेंदूत अख्खी साठलेली असतात, योग्य प्रसंग आला की आपोआप बाहेर पडतात. सर पहिल्या आठवड्यापासून कुराणातली सूरह फ़ातिहा पूर्ण म्हणत होते, तसंच हे. चांगली खूण आहे, पण बोलणं परत आलं असं समजू नका. खोटी आशा द्यायची नाही, हे आम्हाला पक्कं शिकवलेलं असतं. खालांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो ये इन्होंने नहीं कहा?"

मी काहीतरी बोलून निघाले.

रात्री केसपेपर भरताना ते वाक्य लिहिलं आणि पेन थांबलं. 'आई हैं.' मुलांच्या शाळेत नोकरी, बैठकीत येणारे पुरुष, म्हणजे घोटलेलं वाक्य असेल तर ते 'अभी तो आए हैं' असायला हवं. त्यांनी मला बघून 'आई' म्हटलं होतं. ब्रोकाच्या अफेजियात नेमके हे शेवटचे प्रत्यय आधी गळतात. म्हणजे त्या एका 'ई'पुरतं तरी सरांनी वाक्य स्वतः रचलं होतं का? की बहिणी, भाच्या, सुना यांना निरोप देताना 'आई हैं'सुद्धा तितकंच घोटून झालेलं होतं?

ताडून बघायचा मार्ग एकच होता, पुरुष पाहुणा. आमच्या फिजिओथेरपिस्टना मी विनंती केली. हाताला त्यांच्यासारखं कसब मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही, पण त्यांना थांबता येत नाही. बूट घालता घालता "इजाज़त दीजिए सर" म्हणाले आणि जिन्यावर पोहोचलेसुद्धा. सरांचे ओठ हलले. "अभी..." एवढं आलं, तोवर दार लागलं होतं.

आता प्रत्येक वेळी शेवटची दहा मिनिटं मी निरोपासाठी ठेवते. कधी मी पाहुणी, कधी सर पाहुणे आणि मी यजमान. इजाज़त मागणं त्यांना अजून जमत नाही. "बैठिए" दोनदा आलं.

आमच्या केसपेपरवर दोन रकाने असतात, आपोआप आलेलं आणि स्वतः रचलेलं. ते वाक्य त्या रात्री मी पहिल्या रकान्यात लिहिलं होतं. 'ई'भोवती पेन्सिलीने गोल केलाय. मागच्या गुरुवारी खालांनी पुन्हा विचारलं, "उस दिन इन्होंने ही कहा था ना?" मी "जी, इन्होंने ही" म्हटलं. रकाना अजून बदललेला नाही.