उकुलेलेवर हिजाझ, आठवडा सहावा: सूर बसले, थांबायचं कुठे ते बसत नाहीये

तर मंडळी, स्केल बोटांत बसलंय. पण वाजतंय अजून भैरवासारखं, आणि हे मला नाही, आईला आधी कळलं.

ज्यांनी आधीचं वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मी रेबेटिकोच्या, म्हणजे ग्रीक शहरी लोकसंगीताच्या, नादी लागलोय आणि ते उकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर, बसवायला बघतोय. १९२२ मध्ये स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमिर, जळालं, १९२३ ला ग्रीस-तुर्कस्तानमध्ये लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला आणि सुमारे १२ लाख माणसं आशिया मायनर सोडून ग्रीसमध्ये आली, त्यातली कितीतरी पिरियस बंदराच्या आसपास वस्त्या करून राहिली. ती माणसं सोबत ऊद (पडदे नसलेलं तंतुवाद्य), कानून (संतूरसारखं, पण तारा छेडून वाजवायचं), व्हायोलिनचं संगीत घेऊन आली, आणि इकडे बंदरावर बुझुकीवाले (बुझुकी म्हणजे लांब मानेचं, पडदे असलेलं ग्रीक तंतुवाद्य) होतेच. तुर्की मकामांना (मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखं) बुझुकीच्या पडद्यांवर बसवून जे झालं त्याला ग्रीक लोक 'द्रोमोस' म्हणतात. द्रोमोस म्हणजे शब्दशः रस्ता. हिजाझ (ते म्हणतात हिड्झाझ) हा त्यातला एक.

आता कामाचं. सा म्हणून डी धरा. डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी. आपल्या भाषेत सा, कोमल रे, शुद्ध ग, म, प, कोमल ध, कोमल नी. म्हणजे सूर चक्क बसंत मुखारीचे, खाली भैरव आणि वर भैरवी. नी शुद्ध केला की तोच रस्ता हिड्झास्कियार होतो, तो तर सरळ भैरव थाटच झाला.

उकुलेलेवर हे इतकं सोपं पडतं की मला पहिल्या दिवशी वाटलं काहीतरी चुकतंय. सी तारेवर दुसरा आणि तिसरा फ्रेट (पडदा), ई तारेवर परत दुसरा आणि तिसरा, मग ए तार मोकळी, पहिला, तिसरा, पाचवा. दोन-तीन, दोन-तीन, शून्य-एक-तीन-पाच. हिड्झास्कियारला शेवटचं तेवढं शून्य-एक-चार-पाच. पहिले दहा दिवस मी हे पाढ्यासारखं म्हणत वाजवत होतो, मेट्रोनोम ६० वर. आणि डीच्या खाली जो कोमल नी लागतो तो म्हणजे मोकळी सी तार, त्यामुळे उकुलेलेची जी तार नेहमीसारखी वरच्या सप्तकात (उंच जी) लावलेली असली तरी अडत नाही.

मी तरीसुद्धा लो जी, म्हणजे एक सप्तक खालची जी तार टाकली. कारण सांगतो. जुनी बुझुकी तीन जोड तारांची, डी-ए-डी. चार जोड तारांची आली ती मानोलिस खिओटिसने १९५० च्या दशकात गाजवली आणि ती लावतात सी-एफ-ए-डी. आता लो जी उकुलेले बघा, जी-सी-ई-ए. तारांमधलं अंतर तंतोतंत तेच! म्हणजे चार जोडवाल्या बुझुकीचे कॉर्डचे आकार जसेच्या तसे चालतात, फक्त पट्टी बदलते. हे कळल्यावर मी रात्री साडेअकराला एकटाच हसत बसलो होतो. (तार मात्र सरकताना चर्र करते. त्यावर उपाय सापडलेला नाही.)

आता घोळ कुठे आहे ते. परवा रात्री आठच्या सुमारास वाजवत होतो तर आई आतून म्हणाली, "अरे, रात्री भैरव काय वाजवतोस? आणि तो रे मेल्यासारखा का लावतोयस, जरा हलव की त्याला." आई भजनी मंडळात पेटी वाजवते, पेटीवर रे कसा हलवणार हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण तिचं बरोबर होतं. मी प्रत्येक ओळ रे नाहीतर ध वर नेऊन टेकवत होतो, कारण भैरवाचा वादी (मुख्य स्वर) ध, संवादी (त्याच्या खालोखालचा) रे, लहानपणापासून कानाला तीच सवय. हिजाझ मकामात सा नंतरचं वजन चौथ्या स्वरावर असतं, म्हणजे मध्यमावर, आपल्या मांडणीत जी. रे आणि ग हे मध्यमाकडे जायची वाट, तिथे मुक्काम करायचा नाही. मी नेमका तिथेच तंबू ठोकत होतो.

यावर कॉर्डनी मदत केली. (आकडे जी-सी-ई-ए या क्रमाने प्रत्येक तारेचा फ्रेट) डी मेजर २-२-२-०, जी मायनर ०-२-३-१, सी मायनर ०-३-३-३, ई फ्लॅट ०-३-३-१. फोनवर डी आणि जी मायनर आलटून पालटून रेकॉर्ड करून ठेवलं आणि त्यावर वाजवलं, की जी मायनर आला की बोट आपोआप ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाऊन थांबतं. घरी परतताना सी मायनर नाहीतर ई फ्लॅटवरून डी. ई फ्लॅटवरून डीवर येतानाचा तो अर्ध्या पायरीचा उतार... ऐकूनच बघा. चढताना बऱ्याचदा ध शुद्ध घेतात आणि उतरताना कोमल, तेही आता जरा जमायला लागलंय, ए तारेवर दुसरा फ्रेट चढताना, पहिला उतरताना.

एक गोष्ट आपल्या वाद्यावर होणार नाही, ती आधीच मान्य केलेली बरी. ऊदवर हा रे जरा चढा आणि ग जरा उतरा लागतो, मधली उडी किंचित लहान होते. फ्रेट आले की ते गेलं. बुझुकीवाल्यांनीही हे सोडलंच ना, मग मी कशाला रडू.

ट्रेमोलोची, म्हणजे एकच सूर भराभर छेडत लांबवायची, बोंब आहे. बुझुकीला पोलादी जोड तारा असतात, तिथे पिकाने सूर लांबवता येतो, नायलॉनवर तेच केलं तर खोबरं खवल्यासारखा आवाज येतो. फेल्ट पिक आणलं, आवाज मऊ झाला पण धारही गेली. सध्या अंगठ्याच्या नखाने वाजवतोय, ७२ च्या पुढे हात आखडतो.

या आठवड्यात ताक्सिमी, म्हणजे गाण्याआधीचा तालाशिवायचा विस्तार, आपला आलापच, दोन मिनिटं सलग करून बघितला. पहिल्या मिनिटात तीनदा ध वर टेकलो. दुसऱ्यात एकदा. कुणी नायलॉनवर ट्रेमोलो जमवला असेल तर पिक कुठलं वापरता ते सांगा, पुढच्या आठवड्यात मला झेबेकिको या नऊ मात्रांच्या नाचाच्या तालाला हात घालायचाय आणि नखाच्या भरवशावर ते होणार नाही.